लाँगजिंग चहा: फिरत्या फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

गेल्या महिनाभरात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. सोसायटीच्या, वर्गमित्रांच्या, व्यापारी मंडळींच्या आणि शेवटी घरच्या. घरच्या ग्रुपवर तो मावशीने टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, "तू तिकडे जातोस ना, येताना हा घेऊन ये. किती का महाग असेना." मावशीचं वजन वाढलंय, गुडघे दुखतात, त्यामुळे तिने तो मनापासून वाचला होता. तिला एका ओळीत उत्तर देणं मला जमेना, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

मेसेज असा: "चीनच्या राजघराण्याचा गुप्त चहा लाँगजिंग! 5000 वर्षांपासून एकाच पद्धतीने बनतो. याचं झाड आपल्या चहाच्या झाडापेक्षा वेगळं असतं. सम्राटाने निवडलेली फक्त 18 झाडं जगात आहेत. पहाटे कुमारिका ओठांनी पानं खुडतात, हात लावत नाहीत. सोन्यापेक्षा महाग. जितका हिरवागार तितका अस्सल. उकळतं पाणी घातलं तर विष होतं. कॅफीन अजिबात नाही. रोज 6 कप घ्या, महिन्यात 8 किलो वजन घटेल. युनेस्कोने जगातला सर्वोत्तम चहा म्हणून जाहीर केला आहे."

मी स्टेशनरी आणि कटलरी मालाचा व्यापार करतो. माल बघायला ईवूच्या घाऊक बाजारात जाणं होतं. ईवू झेजियांग प्रांतात आहे आणि त्या प्रांताची राजधानी हांगझोऊ तिथून रेल्वेने तासाभराच्या आत. हेच ते हांगझोऊ, जिथे 2023 च्या आशियाई स्पर्धेत आपल्या बीडच्या अविनाश साबळेने स्टीपलचेसचं सुवर्ण जिंकलं. एका वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला मी तिकडे असताना छिंगमिंगची सुट्टी आली. त्या दिवशी लोक पूर्वजांच्या थडग्यांवर जाऊन झाडलोट करतात, खाणंपिणं वाहतात. आपल्या सर्वपित्रीसारखा दिवस. कामं बंद होती. पुरवठादाराच्या ऑफिसातली एक मुलगी हांगझोऊच्या मेइजियावूची, म्हणजे लाँगजिंग हा हिरवा चहा जिथे होतो त्याच गावची. ती म्हणाली, "सुट्टीत हॉटेलात बसून काय करणार, आमच्याकडे चला, आजोबा चहा भाजत असतील." त्या एका दिवसाने मला या चहाच्या नादाला लावलं. पुढे जे वाचलं, ज्यांना विचारलं, ते सगळं त्या दिवसामुळे.

आता एकेक दावा घेतो.

"5000 वर्षांपासून एकाच पद्धतीने बनतो."

5000 हा आकडा शेननोंग नावाच्या पुराणपुरुषाच्या कथेतून आला आहे. त्याच्या उकळत्या पाण्यात चहाची पानं उडून पडली, ही गोष्ट चीनमध्ये लहान मुलांना सांगतात. गोष्ट म्हणून छान आहे, पण ती चहाची आहे, लाँगजिंगची नाही.

हांगझोऊच्या चहाचा जुना लेखी पुरावा आहे, आणि तोच या मेसेजला आडवा जातो. आठव्या शतकात, थांग राजवटीत, लू यू नावाच्या माणसाने चहावर पहिला मोठा ग्रंथ लिहिला. त्यात हांगझोऊच्या थियानचू आणि लिंगयिन या दोन देवळांच्या परिसरात चहा होतो अशी नोंद आहे. पण त्याच ग्रंथात त्याने त्या पट्ट्यातल्या चहांची प्रतवारीही केली आहे. हूझोऊचा चहा पहिला, चांगझोऊचा दुसरा, आणि हांगझोऊचा चहा त्याने खालच्या प्रतीत टाकला. ज्या गावाचा चहा आज चीनमध्ये पहिल्या नंबरचा मानतात, त्याला बाराशे वर्षांपूर्वीच्या सगळ्यात मोठ्या जाणकाराने खालची प्रत दिली होती. मला यात त्या गावाचा कमीपणा वाटत नाही. पुढच्या कैक पिढ्यांनी हाताने काय कमावलं, त्याचं माप यातून मिळतं.

आणि पद्धत? ती तर पार बदलली. लू यूच्या काळी पानं वाफवायची, कुटायची, त्यांच्या वड्या थापायच्या, वाळवायच्या. प्यायच्या वेळी वडी भाजून, दळून, पूड उकळत्या पाण्यात टाकायची, वर चिमूटभर मीठ. लोक त्यात आलं, पुदिना, संत्र्याची सालंही घालत. लू यूला ते अजिबात पसंत नव्हतं, असल्या चहाला त्याने गटाराचं पाणी म्हटलं आहे. आल्याच्या चहावर वाढलेला माणूस म्हणून मला ते वाचताना जरा लागलं, पण आलं घालायची हौस इतकी जुनी आहे हे कळून बरंही वाटलं. नंतर सोंग काळात पूड वाडग्यात घेऊन बांबूच्या कुंच्याने फेसाळायची रीत आली. चीनमधून ती जवळजवळ गेली, जपानने तिचा माचा म्हणून सांभाळ केला.

सुटं पान प्यायचा रिवाज सगळीकडे पक्का झाला तो मिंग काळात. 1391 साली होंगवू सम्राटाने दरबाराला वड्यांचा चहा पाठवणं बंद करवलं आणि सुटी पानं पाठवा असा हुकूम काढला. वड्या करण्यात गावंच्या गावं राबत होती, तो बोजा उतरवायचा होता. सम्राट स्वतः गरीब शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेला, त्याला तो बोजा माहीत असणार असं मला वाटतं. त्यानंतर वाफवण्याच्या जागी कढईत भाजणं रुळलं. लाँगजिंगचं चपटं, तलवारीच्या पात्यासारखं पान त्याच्याही नंतरचं. म्हणजे आज आपण ज्याला लाँगजिंग म्हणतो त्याचं वय शतकांत मोजायचं, सहस्रकांत नाही.

"याचं झाड आपल्या चहाच्या झाडापेक्षा वेगळं असतं."

ही चूक करणारा मेसेजवाला पहिला नाही. वनस्पतींना नावं देणारा थोर स्वीडिश शास्त्रज्ञ कार्ल लिनियस याने 1762 साली हिरव्या चहाची आणि काळ्या, म्हणजे आपल्या रोजच्या, चहाची झाडं दोन वेगळ्या जाती म्हणून नोंदवली होती. त्याच्याकडे चीनमधून फक्त वाळलेली पानं येत, बागा परदेशी माणसाला पाहायला मिळत नसत. 1840 च्या दशकात रॉबर्ट फॉर्च्यून हा स्कॉटिश माळी चीनच्या आत शिरला आणि त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की एकाच झाडाच्या पानापासून दोन्ही चहा होतात. हाच फॉर्च्यून पुढे 1848 साली ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत, चिनी वेष घालून, बिया आणि रोपं गोळा करत फिरला. ती रोपं हिमालयाच्या पायथ्याशी लागली.

झाड एकच. आसामचा प्रकार मोठ्या पानाचा, चिनी प्रकार बारीक पानाचा, एवढाच फरक. हिरवा का राहतो ते स्वयंपाकघरात रोज दिसतं. वांगं चिरून पाण्यात टाकलं नाही तर काळं पडतं. कापलेल्या जागी हवा लागते आणि वांग्यातलंच एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याला काळं करतं. चहाच्या पानातही तसंच विकर आहे. पान चुरगळून तसंच ठेवलं की ते तांबूस-काळं होतं, आपला रोजचा चहा तयार होतो. तेच पान खुडल्यावर वेळेत तापल्या कढईत पडलं की उष्णतेने विकर मरतं आणि पान हिरवं राहतं. हिरवा, काळा, ऊलाँग, हे फरक झाडाचे कमी आणि पानाला मिळालेल्या वागणुकीचे जास्त.

जाता जाता, आपला गवती चहा मात्र खरंच वेगळी वनस्पती आहे. तो गवताच्या कुळातला.

"जितका हिरवागार तितका अस्सल."

या ओळीने मला सगळ्यात जास्त त्रास दिला, कारण तिच्यामुळे लोक चांगला माल टाकून वाईट घेतात.

मेइजियावूच्या आजोबांनी माझ्यासमोर दोन सुपं ठेवली. एकात लखलखीत हिरवी पानं, दुसऱ्यात जरा पिवळसर, मध्येच करडी छटा. मी अर्थातच हिरव्याकडे बोट दाखवलं. नातीने हसून सांगितलं की ते नव्या वाणाचं पान, आणि त्यांच्या घरी वर्षाचा चहा ठेवतात तो दुसरा. सिंहशिखर या टेकडीच्या, तिकडच्या भाषेत शीफंगच्या, उत्तम लाँगजिंगच्या रंगाला चिनीत जो शब्द आहे त्याचा अर्थ 'हातसडीच्या तांदळाचा रंग'. कोकणातल्या घरांतून ज्यांनी हातसडीचा तांदूळ निवडला आहे त्यांना हा रंग चटकन समजेल. पॉलिशच्या तांदळासारखा डोळ्यांत भरत नाही. जुन्या, बियांपासून वाढलेल्या झुडपांची पानं एकसारखी नसतात. एक जरा गडद, एक फिकं. हांगझोऊच्याच चहा संशोधन संस्थेने निवडून काढलेला 'लाँगजिंग 43' हा वाण लवकर फुटतो, एकसारखा आणि हिरवा दिसतो. तोही अस्सल लाँगजिंग आहे, शेतकऱ्याला आधी पैसे देतो, म्हणून बरेच जण तोच लावतात. पण नुसत्या हिरवेपणावरून कुणी त्याला जुन्या झुडपांच्या वर बसवत असेल तर ते चुकीचं.

आणि हिरव्या रंगाच्या हट्टापायी काय झालं होतं तेही सांगायला हवं. फॉर्च्यून आन्ह्वी प्रांतातल्या ह्वेइझोऊ भागात गेला तेव्हा त्याने परदेशी पाठवायच्या हिरव्या चहाला रंग देताना पाहिलं. प्रशियन निळा रंग आणि जिप्समची पूड एकत्र करून भाजताना चहावर टाकत होते. कामगारांचे हात निळे झालेले. त्याच्या हिशोबाने शंभर पौंड चहात अर्ध्या पौंडाहून जास्त रंग जात होता. तिथले लोक स्वतः तसला चहा पीत नव्हते. परक्या गिऱ्हाइकाला एकसारखा हिरवा, तुकतुकीत चहा आवडतो म्हणून तो रंगवला जात होता. 1851 च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात त्या रंगाचे नमुने मांडले गेले. हा प्रकार लाँगजिंगचा नव्हता, दुसऱ्या प्रांतातला होता, हे स्पष्ट सांगतो. पण "जितका हिरवा तितका अस्सल" म्हणणारं गिऱ्हाईक तेव्हाही होतं आणि त्याचीच गरज भागवायला रंगाची वाटी बाहेर आली. तुमच्या ग्लासातलं पाणी फिकट पिवळसर-हिरवं आलं तर घाबरू नका, तसंच यायला हवं. गडद हिरवं आलं तर मात्र थांबून विचार करा.

"सम्राटाने निवडलेली फक्त 18 झाडं."

18 झाडं आहेत, हे खरं. सिंहशिखराच्या पायथ्याशी हूगोंग मंदिरासमोर कठडा घालून राखलेली झुडपं आहेत, पर्यटक त्यांच्यासमोर उभं राहून फोटो काढतात. छियानलाँग सम्राटाने ती शाही ठरवली अशी दंतकथा आहे. दुसरी दंतकथा अशी की तो पानं खुडत असताना आई आजारी पडल्याचा निरोप आला, त्याने पानं बाहीत कोंबली आणि निघाला. बाहीत दबून ती चपटी झाली, म्हणून लाँगजिंग चपटा. गाईड हे रंगवून सांगतात.

कागदावर जे आहे ते मला जास्त मोलाचं वाटतं. छियानलाँग 1751 ते 1784 या काळात सहा वेळा दक्षिणेच्या दौऱ्यावर आला आणि त्याने चहावर कविता केल्या. 1751 च्या कवितेत त्याने चहा भाजताना पाहिल्याचं वर्णन आहे: जमिनीतली चूल, मंद आच पुन्हा पुन्हा सारली जातेय, कोरड्या कढईत पान हळूहळू फिरवलं जातंय, आणि या कामात कष्ट काही थोडे नाहीत. राजा होता, बाहेरून बघत होता, तरी त्याची नजर कष्टांवर गेली. मेसेज लिहिणाऱ्याने त्या कवितेतून फक्त राजा उचलला.

आणि चहा काही 18 झुडपांपुरता नाही. 'शीहू लाँगजिंग', म्हणजे हांगझोऊच्या पश्चिम सरोवराचा लाँगजिंग, हे नाव लावायला ठरवून दिलेलं क्षेत्र 168 चौरस किलोमीटरचं आहे. नुसतं 'लाँगजिंग' हे नाव तर झेजियांगच्या 18 तालुक्यांतल्या चहाला कायद्याने लावता येतं. मेसेजमधला 18 कुठून आला असेल याचा हा दुसरा अंदाज, पण तो माझा अंदाजच.

"कुमारिका ओठांनी खुडतात, हात लावत नाहीत."

मेइजियावूच्या उतारावर मी ज्या बाया खुडताना पाहिल्या त्यातल्या बहुतेक माझ्या मावशीच्या वयाच्या. डोक्यावर टोपी, कमरेला बांबूची टोपली, पायात रबरी बूट, कारण रात्री पाऊस पडून चिखल झालेला. बऱ्याच जणी शेजारच्या प्रांतांतून हंगामापुरत्या आलेल्या. आपल्याकडे ऊसतोडीला टोळ्या जातात तसं. उजेड पडायच्या आत निघायचं, दिवसभर वाकून दोन्ही हातांनी खुडायचं.

खुडण्यात नख लावायचं नाही. नखाने खुडलं की देठाची जागा चेंबटते आणि भाजल्यावर तिथे काळा ठिपका उमटतो. अंगठा आणि तर्जनीत कोंब धरून वर उचलायचा, तो आपसूक सुटतो. मला एकीने हात धरून दाखवलं. मी दहा कोंब खुडले, त्यातले तीन तिने बाजूला काढले. एक कळी आणि तिच्याशेजारी नुकतं उलगडलेलं एक पान, याला तिकडे 'पताका आणि भाला' म्हणतात. पान म्हणजे पताका, कळी म्हणजे भाला. असे हजारो कोंब खुडून ओलं पान चार-साडेचार किलो भरलं की त्याचा वाळलेला चहा किलोभर होतो.

खुडायचा दिवस आकाश ठरवतं. आपला शेतकरी मृग, आर्द्रा बघतो तसे ते सूर्याच्या चालीवर वर्षाचे चोवीस भाग बघतात. 4-5 एप्रिलच्या छिंगमिंगच्या आधीचा चहा सगळ्यात महाग, त्यानंतर 20 एप्रिलच्या आसपास येणाऱ्या 'कूयू'पर्यंतचा. कूयू म्हणजे 'धान्याचा पाऊस'. बऱ्याच जाणकारांना छिंगमिंगनंतरचा चहा चवीला अधिक भरलेला वाटतो, आणि मलाही तसंच वाटतं.

उत्तम प्रतीचा चहा हाताशिवाय होतच नाही. पान खुडून आणल्यावर बांबूच्या सुपांवर पातळ पसरतात, काही तास थोडं पाणी जिरू देतात. मग कढई. आजोबांनी कढईला किंचित तेलमेण चोळलं आणि दोन ओंजळी पान टाकलं. आधी तडतड आवाज. पान झटकून वाफ काढायची, मग तळहाताखाली दाबत कढईच्या बाजूने वर आणायचं, थापायचं, पुढे ढकलायचं, पुन्हा दाबायचं. हाताच्या अशा दहा हालचाली ठरलेल्या आहेत आणि प्रत्येकीला वेगळं नाव आहे. उलथणं नाही, हातमोजा नाही. पान हात आणि लोखंड यांच्या मध्ये, त्यामुळे लोखंडाला पान लागतं, हात पानाला लागतो. नवशिक्याचा हात मात्र लोखंडाला लागतो. पंधरा मिनिटांत पहिला घाणा उतरला. तो सुपात निवायला ठेवायचा, देठातली ओल पानभर सरकू द्यायची, चाळायचा आणि परत कढईत घालून चपटा, खडखडीत करायचा. शेवटी पाच-सहा टक्के ओल राहते. ती किती राहिली हे आजोबा पान बोटांनी मोडून सांगतात.

मी त्यांचा उजवा तळहात पाहिला. बोटांच्या मुळाशी त्वचा चकचकीत, कढईच्या तळासारखी. त्यांनी नातीकडे पाहून काहीतरी म्हटलं, तिने मला सांगितलं: पहिल्या वर्षी फोड येतात, फोडांवर फोड येतात, आणि मग काही वाटत नाही. "हात लावत नाहीत" हे वाक्य त्या तळहाताच्या शेजारी ठेवून पाहा. या एका खोट्यापुढे मेसेजमधली बाकीची सगळी खोटी मला हलकी वाटतात.

"सोन्यापेक्षा महाग."

2005 साली त्या 18 झुडपांचा शंभर ग्रॅम चहा लिलावात लाखाहून अधिक युआनला गेला. तेवढ्या चहाला सोन्याहून जास्त भाव मिळाला, हे खरं आहे, पण तो नवसाच्या नारळासारखा लिलाव होता. गावात चांगला, छिंगमिंगच्या आधीचा चहा अर्ध्या किलोला काही हजार युआनला मिळतो, नंतरचा त्याहून बराच स्वस्त. महाग आहेच, पण सोनं नाही.

मात्र किमतीच्या मागे फसवणूक खूप आहे. मार्चमध्येच फुटणाऱ्या दुसऱ्या वाणांची पानं चपटी भाजून लाँगजिंग म्हणून खपवतात. त्याला तोड म्हणून पश्चिम सरोवराच्या क्षेत्रातल्या शेतकऱ्यांना त्यांच्या जमिनीच्या प्रमाणात क्रमांकाची लेबलं मिळतात. जेवढं रान, तेवढीच लेबलं. मेसेजखाली जी ऑर्डर करायची लिंक आहे तिथल्या डब्यावर असं लेबल कुठे दिसत नाही.

"उकळतं पाणी घातलं तर विष होतं."

होत नाही. चीनमध्ये चहाची अधिकृत परीक्षा करतात तेव्हा 3 ग्रॅम चहावर 150 मिलिलीटर उकळतं पाणीच ओततात आणि चार मिनिटं ठेवतात, कारण कडक पाण्यात चहाचे दोष लपत नाहीत. घरी पिताना 80-85 अंशांचं पाणी घ्यायचं ते चवीसाठी. कोवळी कळी उकळत्या पाण्यात कडसर होते. काळजी घ्यायची तर पिताना घ्या. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2016 साली 65 अंशांहून गरम पेय पिणं अन्ननलिकेच्या कर्करोगाचं बहुधा कारण ठरतं असं म्हटलं. ते चहाला लागू, कॉफीला लागू, आपल्या वाफाळत्या कटिंगलाही लागू.

"कॅफीन अजिबात नाही. महिन्यात 8 किलो वजन घटेल."

इथे मी मावशीशी बोलतो आहे असं समजा.

चहाच्या वाळलेल्या पानात साधारण 2 ते 4 टक्के कॅफीन असतं, हिरव्यातही, आणि कोवळ्या कळीत मोठ्या पानापेक्षा जास्त. लाँगजिंग कळीचाच चहा. रोज सहा कप, त्यातला शेवटचा रात्री नऊला घेतलास तर झोप उडेल आणि तू वय झालं म्हणत बसशील.

वजनाचं म्हणशील, तर कॉक्रेन या संस्थेने 2012 साली हिरव्या चहावरच्या बऱ्याच चाचण्या एकत्र करून तपासल्या. वजन जे घटलं ते इतकं थोडं की त्याला उपचार म्हणून अर्थ नाही, असं त्यांना आढळलं. महिन्याला 8 किलो असं कुठेच नाही. उलट हिरव्या चहाच्या अर्काच्या गोळ्या विकतात त्यांच्यापासून लांब राहा. 2018 साली युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने सांगितलं की ईजीसीजी या घटकाचं गोळ्यांतून दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा जास्त प्रमाण घेतलं तर यकृताला इजा झाल्याची लक्षणं दिसू शकतात. साध्या चहाच्या कपाची ही गोष्ट नाही, गोळ्यांची आहे.

आणि एक गोष्ट मेसेजमध्ये हवी होती ती नाही. जेवताना किंवा जेवण झाल्याबरोबर चहा घेतला तर भाजी, डाळी, बाजरीतलं लोह अंगी कमी लागतं. हिरवा असो की दुधाचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) आपल्या देशातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांत 57 टक्के जणींना रक्तक्षय आढळला. अशा घरांत "दिवसाला सहा कप" असा सल्ला फिरतोय याची मला खरंच चिंता वाटते. सूनबाईलाही सांग.

"युनेस्कोने सर्वोत्तम चहा जाहीर केला."

आपल्या राष्ट्रगीताबद्दल असाच मेसेज किती वर्षं फिरला ते सगळ्यांना आठवत असेल. युनेस्को असे नंबर लावत नाही.

जे झालं ते असं. 2011 साली हांगझोऊच्या पश्चिम सरोवराचा परिसर जागतिक वारसा यादीत आला, त्यात सरोवराकाठच्या टेकड्यांवरचे चहाचे मळेही आहेत. चीनने आपल्या राष्ट्रीय वारशाच्या यादीत लाँगजिंग भाजण्याची कला 2008 साली घेतली होती. मग 29 नोव्हेंबर 2022 रोजी मोरोक्कोतल्या राबात इथे चीनच्या पारंपरिक चहा बनवण्याच्या कौशल्यांना आणि त्याभोवतीच्या रीतीभातींना युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं. त्या एका नोंदीत देशभरातल्या 44 परंपरा आहेत, लाँगजिंग त्यातली एक. यादीत नाव कौशल्याचं आहे, डब्यातल्या मालाचं नाही.

ते कौशल्य टिकवणं सोपं नाही. आता पहिली भाजणी बऱ्याच घरांत यंत्रावर होते, उत्तम प्रतीचा चहा तेवढा शेवटी हाताने. यंत्राला मी नावं ठेवणार नाही. एका माणसाच्या हातून दिवसभर राबून जेमतेम किलोभर चहा उतरतो आणि हंगाम महिना-सव्वा महिन्याचा. ती ऑफिसातली मुलगी स्वतः भाजत नाही. तिला ईवूला पगार चांगला आहे. आजोबांनी तिच्या लहान भावाला दोन हंगाम कढईशी उभं केलं होतं, त्याच्या हाताला फोड आले होते आणि मी गेलो त्या वर्षी तो तिसऱ्यांदा उभा होता. त्याचा घाणा आजोबा सुपात ओतून घेत, एक पान उचलून उजेडात धरत आणि काही न बोलता परत ठेवत.

मावशी, चहा आणेन. एप्रिलनंतरच्या फेरीत, लेबल बघून, शंभर ग्रॅम. तिकडे तो चुनकळीची पुरचुंडी घातलेल्या मडक्यात ओल लागू नये म्हणून ठेवतात, तू हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेव, हिंगाच्या आणि मसाल्याच्या डब्यापासून लांब. पितळेचा टोप नको, दूध-साखर नको. काचेचा उभा ग्लास घे, त्यात चिमूट-दोन चिमटी पानं टाक, पाणी उकळून तीन-चार मिनिटं निवू दे आणि मग ओत. पानं आधी वर तरंगतील, मग एकेक करून उभी राहत खाली जातील. निम्मा ग्लास झाला की वरून परत पाणी घाल. तीनदा चालतं. दुपारी चारला घे, जेवणानंतर दोन तासांनी.